शिकलेलं वाया जात नाही

या आठवड्याच्या टपालात एक चारपानी पत्र आलं आहे. नाव-गाव प्रसिद्ध करू नये अशी विनंती आहे, म्हणून ते देत नाही. पण पत्रातली खंत त्या एकटीची नाही, तेव्हा उत्तर खासगी न पाठवता इथंच देते.

ही भगिनी लिहिते, ‘लग्नाआधी मी ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली. मोठ्या हौसेनं घेतली. सासर तालुक्याच्या गावी. इथं ग्रंथपालाची जागा निघालीच नाही. चार वर्षं वाट पाहून बी.एड. केलं आणि आता एका हायस्कूलमध्ये मराठी आणि इतिहास शिकवते. नोकरी चांगली आहे, तक्रार नाही. पण ते वर्ष फुकट गेलं याची रुखरुख लागते. सासूबाई परवा पाहुण्यांसमोर म्हणाल्या, पुस्तकं कपाटात लावायला कसली आलीय पदवी? सगळे हसले. मीही हसले. रात्री मात्र रडू आलं.’

बाई गं, तुझं पत्र वाचताना मला माझंच जुनं दुखणं आठवलं. कारण मीही त्याच वाटेनं आले आहे.

मैत्रिणींनो, या सदरात मी लोणच्याच्या बुरशीपासून मुलांच्या अभ्यासापर्यंत पुष्कळ विषयांवर लिहिते, पण माझ्या या पदवीबद्दल कधी बोलले नव्हते. आज सांगते. मीही लग्नाआधी ग्रंथालयशास्त्र शिकले. यांची बदली झाली, आम्ही लहान गावात आलो. शाळा होती, ग्रंथालय म्हणावं असं काही नव्हतं. शिक्षिकेची जागा मिळाली ती घेतली. पहिली दोन वर्षं तर मी माझी ती पदवी कुणाला सांगतसुद्धा नव्हते. विचारलं, की ‘बी.ए., बी.एड.’ एवढंच.

आमच्या शाळेत तेव्हा दोन लोखंडी कपाटं होती, स्टाफरूमच्या कोपऱ्यात. आत जवळजवळ नऊशे पुस्तकं. कुलूप घातलेलं. किल्ली कार्यालयात. पुस्तकांची नोंद कुठं, तर बाकं, घंटा, नकाशे यांच्या जोडीला डेडस्टॉक रजिस्टरात! वर्षातून एकदा तपासणीच्या आधी शिपाईमामा धूळ झटकत आणि पुन्हा कुलूप लागे. मी एकदा विचारलं, ‘मुलांना का देत नाही?’ उत्तर मिळालं, ‘हरवली तर कुणाच्या पगारातून कापायची?’

आता यात त्या लोकांचीही चूक म्हणवत नाही. वस्तू जपण्याची जबाबदारी ज्याच्यावर, तो कुलूपच लावणार. आपण नाही का पाहुण्यांसाठीचे कप वर्षानुवर्षं शोकेसमध्ये ठेवत?

पण मला तेव्हा रंगनाथनांची आठवण झाली. शियाळी रामामृत रंगनाथन हे नाव आपल्यापैकी फार जणींना ठाऊक नसेल. आपल्या देशात ग्रंथालयशास्त्र रुजवलं ते यांनी. जन्म १८९२ चा, मृत्यू १९७२ चा. गंमत अशी, की हे गृहस्थ मुळात गणिताचे शिक्षक! मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवत होते. १९२४ साली मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथपालाची जागा मिळाली. पण तिथली ती शांतता, ते एकटेपण त्यांना सोसवेना. ‘मला माझा वर्ग परत द्या,’ म्हणून ते जुन्या ठिकाणी गेले. तेव्हा असं ठरलं, की आधी लंडनला जाऊन हे शास्त्र शिकून या. आल्यावरही कंटाळा वाटला, तर शिक्षकाची जागा आहेच.

ते लंडनला गेले, तिथली ग्रंथालयं हिंडून पाहिली, आणि परत आले ते ग्रंथपाल होऊनच. तिथल्या एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. तेच चार तुकडे वेगवेगळे जोडले, की कधी गाडी होते, कधी क्रेन. त्यावरून त्यांना विषयांची नवी वर्गवारी सुचली. मद्रासला आल्यावर त्यांनी कपाटं उघडली, वेळ वाढवली, वाचकाला हवं ते त्याच्या हाती लवकर कसं पडेल एवढाच ध्यास घेतला. १९३१ साली त्यांचं पाच सूत्रांचं प्रसिद्ध पुस्तक निघालं. त्यातलं पहिलंच सूत्र सांगतं, की पुस्तक हे वापरण्यासाठी असतं. वाचताना वाटतं, यात काय मोठंसं? पण आमच्या त्या कुलपासमोर उभं राहिल्यावर कळलं, की हे सांगावं लागतं, आणि पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. त्याच १९३१ साली मन्नारगुडीला बैलगाडीतून खेडोपाडी पुस्तकं नेण्याचा उपक्रम झाला. बैलगाडीतून पुस्तकं जाऊ शकतात, तर स्टाफरूममधून नववी ‘ब’ च्या वर्गात का नाही?

मी मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, ‘चाळीस पुस्तकं माझ्या सहीवर द्या. हरवली तर मी भरीन.’ ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘लेखी द्या.’ दिलं. घरी यांनाही सांगितलं नाही.

त्या वर्षी पाच पुस्तकं हरवली. तीन परत मिळाली, एक पावसात भिजलं, एक गेलंच. दोन्हींची किंमत मी भरली. खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं. पण उरलेली अडतीस पुस्तकं वर्षभर हातोहात फिरली होती, कोपरे दुमडले होते, एकावर तर हळदीचा डाग! म्हणजे कुठल्या तरी घरात ते पुस्तक स्वयंपाकघरापर्यंत पोचलं होतं. पुढच्या जूनमध्ये मुख्याध्यापकांनी स्वतःहून कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली. रजिस्टरही वेगळं केलं.

पण पुस्तकं वाटणं एवढंच काही मी शिकले नव्हते. खरा उपयोग झाला तो शिकवताना.

एक साधी गोष्ट. नववीच्या मुलांना मी विश्वकोशाचा खंड दिला आणि सांगितलं, सावित्रीबाई फुल्यांची माहिती काढा. अर्धा तास ‘स’ मध्ये शोधाशोध. ‘बाई, नाहीच आहे!’ असणार कशी? कोशात माणसाची नोंद बहुधा आडनावावर असते. ‘फ’ चा खंड काढावा लागतो. संत असले, तर मात्र नावावर: तुकाराम ‘त’ मध्ये. क्ष आणि ज्ञ काही कोशांत शेवटी असतात, तर काहींत क आणि ज च्या पोटात. हे एकदा सांगितलं, की मुलाच्या आयुष्यभराचे किती तास वाचतात! आपण मुलांना माहिती पाठ करायला लावतो, पण ती कुठं आणि कशी सापडते हे कुणी दाखवतच नाही. पुस्तकाच्या पुढे असते ती अनुक्रमणिका आणि मागे असते ती सूची, यांतला फरक दहावी झालेल्या मुलांनाही सांगता येत नाही.

मग मी लग्नपत्रिका जमवायला लागले. हसू नका! जाड कागद, मागची बाजू कोरी. पाच इंच बाय तीन इंच कापल्या, की तयार कार्ड. प्रत्येक मुलानं वाचलेल्या पुस्तकाचं कार्ड करायचं: लेखक, नाव, विषय आणि ‘हे कुणाला आवडेल’ अशी एक ओळ. कार्डं बुटांच्या खोक्यात वर्णक्रमानं. विषय कोणता लिहायचा यावरून वर्गात इतकी भांडणं व्हायची, की शेजारच्या वर्गावरचे सर डोकावून जात. ‘गॅसवाल्याचा नंबर आईनं मोबाइलमध्ये ग मध्ये ठेवलाय की स म्हणजे सिलिंडरमध्ये?’ हा माझा प्रश्न. उत्तर कोणतंही चालेल. पण एक ठरवायचं, आणि दुसऱ्या जागी ‘तिकडे पाहा’ असं लिहून ठेवायचं. विचारांना शिस्त लागते ती अशा बारीक गोष्टींतून.

आता ज्या तासाबद्दल मुख्यतः सांगायचं आहे, त्याकडे वळते. २०१९ सालची गोष्ट.

बदली तास होता. विज्ञानाच्या बाई रजेवर. मी फळ्यावर एकच शब्द लिहिला: मीठ. आणि विचारलं, ‘हा शब्द ग्रंथालयात किती कप्प्यांत सापडेल?’

मेलविल ड्यूई या अमेरिकन माणसानं १८७६ साली सगळ्या ज्ञानाचे दहा मोठे वर्ग पाडले आणि त्यांना आकडे दिले. अजूनही जगभर ते वापरात आहेत. त्यात ५४० म्हणजे रसायनशास्त्र, ६४१ म्हणजे अन्न आणि स्वयंपाक, ९५४ म्हणजे भारताचा इतिहास. (आणि बायांनो, मुलांचं संगोपन ६४९! म्हणजे स्वयंपाक आणि मुलं त्या ड्यूईसाहेबांनीही एकाच फळीवर ठेवली आहेत.)

मुलांनी सुरुवात केली. ‘बाई, सोडियम क्लोराइड!’ रसायन. ‘लोणचं!’ स्वयंपाक. ‘दांडीयात्रा!’ इतिहास. मग मी त्यांना १९३० च्या मे महिन्यात आपल्या शिरोड्याला झालेल्या मिठाच्या सत्याग्रहाचं सांगितलं. ‘मिठावरचा कर!’ अर्थशास्त्र. ‘खाल्ल्या मिठाला जागणे!’ भाषा. ‘मिठागरं!’ भूगोल. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘दृष्ट काढतात ते?’ लोकरीती. सगळा फळा भरला. शेवटी एकीनं हात वर केला, ‘आयोडीनयुक्त मीठ. पुडीवर लिहिलेलं असतं.’ आरोग्य. मग गलगंडाचं बोलणं निघालं. आपल्या देशात गलगंड नियंत्रणाची राष्ट्रीय मोहीम १९६२ पासून आहे, आयोडीन कशाला लागतं, गळ्याशी थायरॉईड नावाची ग्रंथी असते, तिला ते लागतं, इथपर्यंत आलो आणि घंटा झाली.

मुलं डबे घेऊन बाहेर पळाली. ती आयोडीनवाली मुलगी मात्र फळा पुसायच्या निमित्तानं मागे राहिली. फळा पुसून झाला, तरी डस्टर हातातच.

‘बाई, आपल्या कपाटात थायरॉईडवर पुस्तक आहे का हो?’

नव्हतं. ‘नाही गं,’ म्हणून मी निघाले असते, तर तिथंच विषय संपला असता. पण आम्हाला संदर्भसेवेचा धडा होता. त्यात शिकवलेलं मला पक्कं आठवत होतं: वाचक जे मागतो ते बहुधा त्याच्या खऱ्या प्रश्नाच्या शेजारचं असतं. खरा प्रश्न विचारायला माणूस संकोचतो. आणि त्याला ‘कशाला हवंय?’ असं कधी विचारायचं नाही, कारण त्यात जाब विचारल्यासारखं होतं. विचारायचं, ‘त्यात तुला नेमकं काय शोधायचंय?’

मी तेच विचारलं.

‘गोळ्यांचं,’ ती म्हणाली.

‘गोळ्यांचं काय?’

‘बंद केल्या तर चालतं का, ते.’

‘कुणाच्या गोळ्या?’

ती बराच वेळ डस्टरकडे बघत राहिली. ‘आईच्या.’

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आईला तीन वर्षांपासून थायरॉईडच्या गोळ्या चालू. दोन महिन्यांपूर्वी मोबाइलवर एक निरोप आला: एकवीस दिवस धण्याचं पाणी प्या, गोळी कायमची सुटेल. आईनं गोळ्यांची बाटली फडताळात मागे सारून दिली आणि पाणी सुरू केलं. ‘आई म्हणते, बरं वाटतंय. पण बाई, ती दुपारी झोपली की उठतच नाही हो. चेहरा सुजल्यासारखा दिसतो. सकाळी भाकऱ्या मीच टाकते. या महिन्यात माझे सहा दिवस बुडाले.’

हजेरीपटावर तिचे ते सहा दिवस माझ्याच हातानं मांडलेले होते. मी तिला त्यावरून रागावलेही होते.

मैत्रिणींनो, त्या क्षणी तोंडावर आलं होतं, ‘आईला सांग, आधी गोळी घे!’ पण आणखी एक गोष्ट आम्हाला शिकवली होती. संदर्भ देणाऱ्यानं डॉक्टर किंवा वकील व्हायचं नाही. भरवशाची माहिती कुठं आहे ते दाखवायचं. आणि चौदा वर्षांच्या मुलीनं घरी जाऊन ‘बाई म्हणतात तू चुकतेयस’ असं सांगितलं असतं, तर त्या माउलीनं ते ऐकलं असतं का? मी ऐकलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगितलं, घरच्या मोबाइलवर आलेला एकेक निरोप वहीत उतरवून आणा. काय काय आलं म्हणून सांगू! कुणाचा ग्रहणाचा, कुणाचा नोटेतल्या चिपचा, कुणाचा मूतखड्याचा. धण्याच्या पाण्याचाही आला, पण इतर तिसांतला एक म्हणून. त्या मुलीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. फळ्यावर चार प्रश्न लिहिले: हे कोण सांगतंय? केव्हाचं आहे? आणखी कुठं, जबाबदार ठिकाणी, हेच सापडतं का? आणि हे पसरल्यानं कुणाचा काही फायदा आहे का? पुस्तक विकत घेण्याआधी ते पारखायला आम्ही जवळपास हेच विचारत असू.

मुलांनी उत्तरं शोधली. शाळेतला विश्वकोश (त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, आता तो इंटरनेटवरही वाचता येतो), पाठ्यपुस्तकं, शासनाच्या आरोग्य खात्याची पत्रकं. तीस निरोपांपैकी सत्तावीसांवर पहिल्याच प्रश्नाचं उत्तर ‘माहीत नाही’ असं आलं. कुणी सांगितलंय हेच लिहिलेलं नव्हतं! मुलांना स्वतःलाच हसू आलं. मी मात्र त्यांना सांगितलं, की घरी जाऊन कुणाला हसायचं नाही. ज्यांनी निरोप पाठवला त्यांनी माया म्हणूनच पाठवलेला असतो.

त्या मुलीला मी बाजूला घेऊन एवढंच म्हटलं, ‘सगळ्यात भरवशाचा कागद तुमच्या घरातच आहे. डॉक्टरांचा केसपेपर आणि शेवटचा रक्ताचा रिपोर्ट. त्यावर सांगणाऱ्याचं नाव आहे, तारीख आहे. दोन्ही आणि वही आईसमोर ठेव. तुझ्या मनाचं काही सांगू नकोस. फक्त ते चार प्रश्न वाचून दाखव.’

आई आधी चिडली. ‘एवढ्या बायका खोटं बोलतात का?’ लेक म्हणाली, ‘कुठल्या बायका ते लिहिलेलंच नाही ना आई.’ दोन दिवस घरात अबोला. तिसऱ्या दिवशी आई आपणहून सरकारी दवाखान्यात गेली. तपासणीत आकडा खूप वाढलेला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, ते सगळ्यांनीच लक्षात ठेवण्यासारखं आहे. थायरॉईडची गोळी बंद केली, की दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. शरीरातला साठा हळूहळू, काही आठवड्यांत उतरतो. म्हणून सुरुवातीला माणसाला वाटतं, पाहा, गोळीवाचूनही बरं आहे! आणि त्याचं श्रेय धण्याच्या पाण्याला मिळतं. मोठ्या माणसांतला हा आजार बहुतेक वेळा आयोडीनच्या कमतरतेचा नसतो, त्यामुळे जास्त मीठ खाऊनही तो जात नाही. गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा-नाश्ता त्यानंतर अर्ध्या-एक तासानं. कमी-जास्त किंवा बंद करायची, ती डॉक्टरांना विचारूनच.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आई मला शाळेत भेटायला आली. मला वाटलं, रागावणार. ती बाकावर बसली आणि म्हणाली, ‘बाई, मला कळत नव्हतं असं नाही. पण रोज उठून ती गोळी घेतली, की मी आजारी आहे हे आधी आठवायचं. पाणी पिताना तसं वाटत नव्हतं.’ यावर मी काय बोलणार? तिचा हात हातात घेतला. धण्याचं पाणी ती अजून पिते. गोळीनंतर तासाभरानं. मुलीचे दिवस पुन्हा बुडाले नाहीत. दहावीला ती चांगल्या गुणांनी पास झाली. पहिली-बिहिली आली नाही, पण पास झाली, आणि पुढे शिकते आहे.

म्हणून सांगते, बाई, तुझं ते वर्ष वाया गेलेलं नाही. त्या दिवशी माझ्या बी.ए. चा उपयोग झाला नाही, बी.एड. चा थोडा झाला. पण त्या मुलीला बोलतं केलं ते ग्रंथालयशास्त्रानं.

आता ज्या मैत्रिणींनी यातलं काहीच शिकलेलं नाही, त्यांनी ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणून पान उलटू नये. घरोघरी मुलांचे प्रकल्प असतात, आणि ते कोण करतं हे मी नव्यानं सांगायला नको! त्यासाठी चार गोष्टी:

विषय लहान करून घ्या. ‘पाणी’ हा विषय समुद्राएवढा. मोबाइलवरून दहा पानं उतरवण्यापलीकडे त्याचं काही होत नाही. ‘आपल्या गल्लीत पाणी कुठून येतं’ हा विषय मुलाच्या आवाक्यातला. टाकी बघायला जाता येतं, पाणी सोडणाऱ्या काकांना विचारता येतं, आजीला जुन्या आडाचं विचारता येतं.

माहिती शोधण्याआधी मुलाला तीन प्रश्न लिहायला लावा. काय हवंय हे ठरल्याशिवाय शोधायला बसलं, की मूल भरकटतं. बाजारात यादीशिवाय गेल्यावर आपलं होतं तसंच.

जिथून घेतलं ते तिथल्या तिथे लिहून ठेवायला सांगा: पुस्तकाचं नाव, लेखक, पान. माणसाकडून ऐकलं, तर त्या माणसाचं नाव आणि तारीख. ‘गूगलवरून’ हे उत्तर चालणार नाही. गूगल नुसता दारापर्यंत पोचवतो. आत कोण बोलत होतं ते सांगा.

आणि शेवटी, पुस्तक मिटून दोन ओळी स्वतःच्या शब्दांत. शुद्धलेखन चुकलं तरी चालेल. त्या दोन ओळींत मुलाला किती समजलं ते आपल्याला कळतं.

तुमच्या गावात सार्वजनिक वाचनालय असेलच. महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना त्यातून अनुदान मिळत आलं आहे. मुलाला एकदा तिथं घेऊन जा. मासिकं चाळायला नव्हे, तर कोश कुठं ठेवलेत ते पाहायला. आणि तिथल्या ग्रंथपालांना निःसंकोच प्रश्न विचारा. त्यांनाही कुणीतरी विचारावं असं वाटत असतं, हे मी अनुभवानं सांगते.

राहता राहिल्या सासूबाई. पत्र लिहिणाऱ्या भगिनी, त्यांच्याशी वाद घालू नकोस. एका रविवारी लग्नपत्रिकांची कार्डं काप आणि त्यांनाच शेजारी बसव. घरातल्या कागदांची कार्डं करा: रेशनकार्ड, विम्याची पॉलिसी, घरपट्टीची पावती, मुलांचे लसीकरणाचे कार्ड, मामंजींचे रक्ताचे रिपोर्ट. प्रत्येक कार्डावर तो कागद कुठं ठेवला आहे ते लिही. वर्णक्रमानं खोक्यात लाव. पॉलिसीचं कार्ड ‘व’ मध्ये असेल, तर ‘प’ मध्ये एक कार्ड टाक: ‘विमा पाहा’. नावं सासूबाईंना सांगू दे, तू लिही.

आमच्याकडे हे खोकं गेली पंधरा वर्षं देवघराच्या खालच्या कप्प्यात आहे. माझ्या सासूबाई पहिल्यांदा मुरका मारून म्हणाल्या होत्या, ‘आता घराची पण लायब्ररी करा!’ पुढे एकदा रात्री अकराला मामंजींना दवाखान्यात न्यायची वेळ आली. मी हातपाय गाळून बसले होते. जुने रिपोर्ट दोन मिनिटांत काढून रिक्षात आणून दिले ते सासूबाईंनी. नंतर त्या सगळ्यांना सांगत, ‘आमच्या सूनबाईनं याचं शिक्षण घेतलंय.’

तेव्हा पुढच्या पत्रात मला तुझी ती पदवी नावापुढे लिहिलेली दिसू दे. आणि शाळेतल्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते, तेही कळव.